मामांची अक्कल कंपनीच्या मालकीची

कपड्यांना इस्त्री करून घरपोच देणारी आमची कंपनी नवी होती, तेव्हा मामा रोज संध्याकाळी येऊन सल्ला देत. त्यांचं स्वतःचं इस्त्रीचं दुकान होतं. सल्ले उत्तम असत. दोष एवढाच, की त्यांना कागदाचा आधार नव्हता. गुंतवणूकदारांनी विचारलं, "तुमचे सल्लागार कोण?" मी "मामा" म्हणालो आणि त्यांनी असं पाहिलं, की मला आजोळाचीच लाज वाटली.

म्हणून रीतसर करार केला. सल्लागाराने दिलेला प्रत्येक सल्ला ही कंपनीची मालमत्ता राहील. सल्लागाराला तो अन्यत्र वापरता येणार नाही. मामांनी चष्मा न लावताच सही ठोकली. भाच्यावर विश्वास, दुसरं काय!

"घे पहिला सल्ला," मामा खुशीत म्हणाले. "इस्त्री चालू ठेवून गप्पा मारायला जायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मामा आपल्या दुकानातली इस्त्री बंद करून शेजारच्या घड्याळवाल्याशी बोलताना दिसले. हा उघड करारभंग होता.

"मामा, असं चालणार नाही. ती अक्कल आता आमची आहे."

"अरे, मग काय चालू ठेवू?"

"तुमची मर्जी. सल्ला तेवढा वापरू नका."

मामा शब्दाला पक्के. आठवडाभरात त्यांच्याकडे कितीतरी शर्ट आणि एका नवरदेवाचा कोट जळला. मामी तडक आमच्या ऑफिसात आल्या.

"मेल्या, तुला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनी! गिऱ्हाइकं तुटली, दुकान बसायची वेळ आली. तू तरी पाळतोस का तो सल्ला?"

"कसा पाळणार, मामी? वापरलेल्या मालमत्तेवर घसारा लागतो. आमचे सगळे सल्ले अजून कोरे करकरीत आहेत."

कपडे आमच्याकडेही जळतच होते. पण न वापरलेल्या सल्ल्यांचा साठा पाहून गुंतवणूकदार हरखले आणि कंपनीची किंमत तिप्पट झाली. मामांच्या दुकानाला मात्र कुलूप लागलं.

ते माझ्यासमोर येऊन बसले. हात मांडीवर, नजर खाली. "आता मी काय करू रे?"

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. पण करार तो करार. "सल्ला देणं तुमचं काम आहे, मामा. माझं नाही."

आता तुम्ही मला नावं ठेवणार. खुशाल ठेवा. आम्ही वडीलधाऱ्यांचं बोलणं निदान लिहून तरी घेतो. आज घरातून निघताना तुमची आई काय म्हणाली, तेवढं सांगा पाहू.