लाल पेटीतला ओके नग

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सोनकांबळे मामांना ज्या चुकीपायी इन्स्पेक्शनमधून भंगार यार्डात धाडलं, ती चूक माझी होती.

पण त्याआधी मामा कळायला हवेत.

चाकणच्या आमच्या कंपनीत कॅन्टीनच्या फळ्यावर रोजची भाजी लिहितात. तिच्याखाली मामा खडूने एक ओळ जोडायचे : 'आफ्रिकेत सिंह घटत आहेत. भात टाकू नका.'

"मामा, सिंह भात खातो का?" कुणीतरी विचारायचंच.

"शेत वाढलं की रान घटतं, रान घटलं की सिंह. अन् त्याच शेतातलं तू ताटात टाकलालास! सिंहही गेला, भातही गेला. डबल रिजेक्शन!"

मामा मूळचे नांदेडकडचे. मामी गेल्यापासून संत तुकाराम नगरात एकटेच राहायचे. कॅन्टीनने सोनकांबळ्यांचं सिंहकांबळे केलं, त्याचा राग नाही. वाघकांबळे म्हटलं, तर मात्र थांबून चूक दुरुस्त करायचे. तयार सुट्या भागाला आम्ही नग म्हणतो. मामांनाही लोक नगच म्हणत, जरा वेगळ्या अर्थाने.

शिकार हा त्यांचा खास विषय. परवाना काढून, पैसे भरून सिंह मारायचा आणि मुंडकं दिवाणखान्यात टांगायचं, हे त्यांच्या डोक्यात बसतच नसे. "आपण खराब नग निवडून लाल पेटीत टाकतो. हे लोक सगळ्यात भारी आयाळीचा ओके नग काढतेत! असं इन्स्पेक्शन केलं तर कंपनी चालंल का?"

एकदा एचआरच्या मॅडमनी त्यांना गाठलं. "मामा, शिकारीच्या पैशातून तिथल्या गावांना काम मिळतं, म्हणून रान टिकतं. नाहीतर लोक रान तोडतील, गाय मारली म्हणून सिंहाला विष घालतील. शिवाय मारतात तो म्हातारा सिंह."

दोन दिवस फळ्यावर नुसती भाजी. तिसऱ्या दिवशी ते मॅडमच्या केबिनच्या दारात उभे.

"मॅडम, गाईचा मुद्दा ओके. ज्याची गाय गेली त्याला मी काय सांगणार? पण म्हाताऱ्याचा मुद्दा रिजेक्ट. तो आहे तोवर नवा सिंह कळपात शिरत नाही. तो मेला की नवा येतो, अन् आधी बछडे मारतो. गोळी एक, मेले किती?"

"मग उपाय काय, मामा?"

"उपाय माहीत असता तर मी चाकणला असतो का?"

त्याच सुमाराची गोष्ट. माझी मुलगी तापाने फणफणली होती. घरी जायच्या घाईत मी भोकं तपासायचं गेज न लावताच एका अख्ख्या लॉटवर 'ओके'चा शिक्का मारला. भोकं लहान निघाली, माल परत आला. इन्स्पेक्शनला मी मामांच्या जोडीला होतो, शिक्का आमच्या दोघांत एकच होता आणि मी टेम्पररी होतो.

"कुणी पास केला हा लॉट?" साहेब ओरडले.

मी हातातलं गेज पुसत राहिलो.

"मी," मामा म्हणाले.

दुपारी यार्डात गेलो. मामा उकिडवे बसून पत्र्याचे तुकडे वेगळे करत होते. "मामा, असं का केलंत?"

"तुला काढलं असतं, लेका. मला नुसतं हलवलं." मग हात पुसत म्हणाले, "पोरीचा ताप उतरला का?"



रिटायर होईपर्यंत मामा यार्डातच राहिले. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "एक चूक सोडली, तर सोनकांबळ्यांच्या कामाला बोट ठेवायला जागा नाही." मामा हसले. मी टाळ्या वाजवल्या.

मी पर्मनंट झालो, रहाटणीत घर झालं, मुलगी कॉलेजात गेली. सगळं त्या एका 'मी'वर उभं आहे.

गेल्या रविवारी मामांकडे गेलो. ओट्यावर दोन कप मांडलेले.

"कुणी येणार होतं का?"

"न्हाई. रोज दोनच मांडतो. कुणी आलंच तर धांदल नको."

त्यांनी दोन्ही कपांत चहा ओतला. उपकार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "बस आधी. चहा गार होतो."

बसलो. चहा घेतला. निघताना दोन्ही कप विसळून पुन्हा ओट्यावर मांडले.

ते साहेब अजून कंपनीत आहेत. त्यांच्यापुढे, मामांना शेजारी बसवून, 'तो शिक्का मी मारला होता' एवढं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.