शहाण्णव फ्लॅट, एक चोर

चाकणच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे गिअर तपासले. केसाच्या जाडीचा दोषही माझ्या नजरेतून सुटला नाही. जे सुटले ते ग्राहकाला सापडले, म्हणजे सुटले असे म्हणता येत नाही. निवृत्तीनंतर ही नजर गंजू नये म्हणून मी ती समाजाला अर्पण केली. रावेतच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर 'मधुसूदन केंजळे, खासगी अन्वेषक' अशी पितळी पाटी आहे. पाटीखाली बहुधा 'उद्या दूध दोन पिशव्या' अशी चिठ्ठी असते. ती माझ्या पत्नीची, पद्मजाची. ती माझी साहाय्यक आहे. हे मी तिला अजून कळवलेले नाही.

माझी पद्धत शास्त्रीय आहे. कारखान्यात बिघाड झाला की 'का?' असे पाच वेळा विचारायचे. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडते. मी अशी चारशेच्या वर मूळ कारणे शोधली. प्रत्येक वेळी ते कंत्राटी कामगारापाशी निघाले, मॅनेजरपाशी एकदाही नाही. इतकी खात्रीची पद्धत दुसरी नसेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीला वकिलाचे पत्र आले. आमच्या शहाण्णव फ्लॅटना मिळून इंटरनेटची एकच जोडणी आहे. तिच्यावरून अठरा जानेवारीला, शनिवारी दुपारी, एक नवा मराठी चित्रपट चोरून उतरवला गेला होता आणि पुढचे सहा दिवस त्याच चालू ठेवलेल्या संगणकावरून तो जगाला वाटला जात होता. चोर पंधरा दिवसांत शोधा, नाहीतर जोडणी बंद करवू, असे पत्र म्हणत होते.

"कायदाच कडक पाहिजे," आमचे चेअरमन दादासाहेब म्हणाले. "सरकार करील तेव्हा करील. आपण आजच करू."

चहा येईपर्यंत नियमावली तयार होती. संशयिताचे इंटरनेट आधी तोडायचे, चौकशी नंतर. दोषी भाडेकरू असेल तर त्याने आठ दिवसांत घर सोडायचे. मालक असेल तर त्याला समज द्यायची. ज्या पानावर 'डाउनलोड' हा शब्द असेल ते पान सोसायटीत उघडणार नाही. त्यामुळे त्याच संध्याकाळपासून कुणाला विजेचे बिल मिळेना आणि कुणाला गॅसचा सिलिंडर नोंदवता येईना. नियमावली सोसायटीच्या संकेतस्थळावर टाकली होती, पण 'डाउनलोड' हा शब्द तिच्यातच असल्यामुळे तीही उघडेना. इतका कडक कायदा मी पाहिलेला नाही. तो वाचतासुद्धा येत नव्हता.

शेवटचे कलम असे की आत जे येते त्याची जबाबदारी फाटकाची. त्यावर वॉचमन मालोजी उठला. "सायेब, म्या दिवसभर फाटकावर हाय. शिनेमा फाटकातनं आल्याला न्हाई."

"मग कुठून आला?" मी धारदार विचारले.

"त्ये तुमी डिटेक्टिव."

सभेत विरोध एकाच बाईने केला. योगिनी, लातूरची, तीनशे चारमध्ये भाड्याने राहते आणि दहावीच्या सव्वीस मुलांना घरातून ऑनलाइन गणित शिकवते. "आधी तोडायचं आणि मग विचारायचं, हे उलटं नाही का हो? परीक्षा तीन आठवड्यांवर आली. चुकून माझंच तोडलं तर मुलांनी काय करायचं?"

"निरपराध माणसाला भीती कशाची, मॅडम?" दादासाहेब म्हणाले. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. वाक्य नव्हे, तिची भीती.

तपासाची पहिली दिशा सरळ होती. ज्याने चित्रपट पाहिला तो चोर. चित्रपट तीन बहिणी आणि एका पिठाच्या गिरणीचा. मी घरोघरी गेलो, तर तो सगळ्यांनी पाहिलेला.

"धाकटीनं गिरणी विकली नाही ते बेस केलं," तळमजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसत सांगितले. मालोजीच्या बायकोने तर मला त्यातले गाणे म्हणून दाखवले. यावरून चित्रपट प्रचंड चालला असा निष्कर्ष मी काढला. प्रत्यक्षात तो पाचव्या दिवशी थेटरातून उतरला होता. हे कोडे मी बाजूला ठेवले. मी स्वतःही तो पाहिला होता. कुठे ते नेमके आठवेना, तिळाचे लाडू तेवढे आठवत होते. पण तपास करणारा माणूस संशयितांच्या यादीत नसतो.

दुसरी दिशा सातव्या मजल्यावरची. तिथे तळवड्यातल्या आयटी कंपनीत काम करणारा एक तरुण दिवसभर काळे पडदे लावून बसतो. मी तीन दिवस जिन्यात पाळत ठेवली. तो रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. चौथ्या दिवशी त्याने मला चहा पाजला, त्यामुळे तो सुटला.

शेवटी मी पद्धतीकडे वळलो. पत्र का आले? चित्रपट वाटला गेला म्हणून. का वाटला गेला? कुणीतरी तो इंटरनेटवर चढवला म्हणून. का चढवला? चढवायची सवय म्हणून. ती सवय कुणाला आणि का? सोसायटीत रोज सगळ्यांत जास्त व्हिडिओ चढवते योगिनी, कारण तिचे पोट त्यावर आहे. तिचेच का? ती भाडेकरू आहे म्हणून. पाचवे उत्तर आले. मूळ कारण नेहमीच्या जागी सापडले.

"अगदी माझ्या मनातलं बोललात, केंजळे," दादासाहेब म्हणाले. त्याच संध्याकाळी तिचे इंटरनेट तोडले आणि पुढच्या रविवारपर्यंत घर रिकामे करण्याचा कागद तिच्या हाती गेला.

ती आमच्या दारात आली. "सर, मी माझेच व्हिडिओ चढवते. आणि चोरीचंच म्हणाल, तर डिसेंबरात मीच तक्रार दिली होती. दादासाहेबांच्या सूनबाई माझे क्लासचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर वाटतात म्हणून. त्याचा तपास झाला का?"

मी फाइल पाहिली. तक्रारीवर दादासाहेबांच्या अक्षरात शेरा होता: 'ज्ञान वाटल्याने वाढते. तक्रार निकाली.' मी वहीत टिपले: हेतू, सूड.

"तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?" ती गेल्यावर पद्मजा म्हणाली.

"तुला विचारायचं तर तू साक्षीदार ठरशील. साहाय्यकाला साक्षीदार होता येत नाही."

"कुणाचा साहाय्यक?" असे विचारून ती कुकर लावायला गेली.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सभा भरली. योगिनी कोपऱ्यात उभी होती. तिची दोन बोचकी दाराशी बांधून ठेवलेली. मी घसा साफ केला. "शनिवार, अठरा जानेवारी. या दिवशी आरोपी काय करत होती?"

मागे खुर्च्या पुसत असलेल्या सरूबाईने मान वर केली. सरूबाई सोसायटीत कंत्राटावर झाडलोट करते. "ह्या बाई न्हाई का, माझ्यासंगं तिळाचं लाडू वळत व्हत्या. दुसऱ्या दिशी हळदीकुंकू व्हतं ना. हितंच पडदा लावला व्हता, गिरनीचा शिनेमा दावाया."

तिने फडके पिळले आणि पुढे सांगितले.

"आन् त्यो दादासायबांनी सोसायटीच्या हापिसातल्या काम्पुटरवर शनवारीच घेऊन ठिवला व्हता. म्हनले, बंद करू नगंस. म्या आठवडाभर त्येला हातच लावला न्हाई, नुस्ता वरनं पुसला."

"तो सांस्कृतिक कार्यक्रम होता," दादासाहेब म्हणाले. "दीपप्रज्वलन झालं होतं. तिकीट लावलं नव्हतं. त्याला चोरी कोण म्हणेल?"

मला त्यांचे म्हणणे पटत होते. चोरी माणूस एकटा, दार लावून करतो. दीडशे लोक अत्तर लावून बसलेले असताना चोरी कशी होईल? पण सरूबाई थांबली नाही. तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक पेन ड्राइव्ह होता.

"आन् वान म्हनून समद्या बायास्नी ह्ये दिलं. औंदा वाट्या नगं, डिजिटल वान म्हनले. माझ्याकडं काम्पुटर न्हाई. पर ह्येला कडी चांगली हाय."

पेन ड्राइव्ह हातोहात पुढे आला. त्यावर हिरवी चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर माझी सही: 'तपासले. दोष नाही. म. कें.'

मला सगळे आठवले. हळदीकुंकवाच्या सकाळी शहाण्णव पेन ड्राइव्ह माझ्यापुढे आले होते. मी नियमाप्रमाणे प्रत्येक आठवा नग उघडून चित्र आणि आवाज पाहिला होता. दोन नग आवाज फाटतो म्हणून बदलूनही घेतले होते.

"आपला ड्रॉवरमध्ये आहे," पद्मजा शांतपणे म्हणाली. "जिऱ्याच्या डब्याशेजारी."

दादासाहेबांनी नियमावली पाहिली. दोषी मालक असेल तर समज. त्यांनी स्वतःला समज दिली, सर्वानुमते. योगिनीचा कागद परत घेतला.

"आणि माझ्या व्हिडिओंचं काय?" तिने विचारले.

"तो विषय पटलावर नाही."

या सगळ्यात पत्राची मुदत उलटली, म्हणून जोडणी पंधरा दिवस बंद राहिली. योगिनी आता त्याच हॉलमध्ये फळ्यावर शिकवते. दादासाहेबांचा नातू पहिल्यांदाच फी भरून वर्गात बसतो, कारण फळा पालकांच्या ग्रुपवर टाकता येत नाही.

वकिलाला पाठवायचा अहवाल माझ्याकडे होता. त्यात शेवटी एक रकाना असतो: मूळ कारण आणि उपाय. मी बराच विचार केला. पुरावा एकाच बाईकडे सापडला होता, आणि ती कंत्राटी होती. मी लिहिले: 'चोरीचा माल सफाई कामगाराकडून जप्त. तिला प्रशिक्षण दिले.' दादासाहेबांनी लगेच सही केली.

प्रशिक्षण मीच दिले, वीस मिनिटे, कायदा आणि नैतिकता या विषयावर. सरूबाईने उभ्याने सगळे ऐकून घेतले.

"समजलं का?" मी विचारले.

"व्हय," ती म्हणाली. "पर किल्ल्या आता कशात अडकवू?"