दिनाबाईंचे गोळे

दिनाबाईंच्या हातून मात्झाचा गोळा खाली पडला, तर आधी फरशीला काही झालं का ते बघावं. गोळ्याला काही होत नाही.

मात्झा म्हणजे आम्हा ज्यूंची पेसाहच्या सणाची बिनखमिराची कडक रोटी. ती उशीच्या अभ्र्यात घालायची, लाटण्यानं बडवायची, चुरा अंड्यात मळून गोळे करायचे नि कोंबडीच्या सूपात सोडायचे. बाई हे इथं विलायतेतल्या गोऱ्या ज्यू बायकांकडून शिकल्या. त्यांचे गोळे तरंगतात. हिचे बुडतात. माझी रिबेका तेच नारळाच्या दुधात करायची, कापसासारखे. तर दिनाबाई तिलाच शिकवायच्या, "हे आपलं कोकणातलं झालं. खरी पद्धत वेगळी!" पद्धत कसली, दात पाडायचा धंदा.

"खा हो मुकाट्यानं," रिबेका मला म्हणायची, "एकटी बाई आहे."

दुसरं वेड खमिराचं. पेसाहचे आठ दिवस घरात पाव-बिस्किटाचा कण नको, हे आम्हालाही ठाऊक. पण ही बाई हाउन्सलोतल्या आम्हा कोकणी ज्यूंच्या चारही घरांत टॉर्च आणि कोंबडीचं पीस घेऊन न बोलावता शिरणार. "खमीर लपून बसतं, भाऊ! पण माझे डोळे घारीचे." एकदा माझ्या कोटाच्या अस्तरातून बिस्किटाचा चुरा काढला नि अख्ख्या सिनेगॉगला सांगितला.

रिबेका हिवाळ्यात गेली. त्यानंतरच्या पेसाहला बाई भरदुपारी दारात. मी म्हटलं, "यंदा राहू द्या." ऐकेल ती दिनाबाई कसली! कपाटं झाली, गॅसची मागची बाजू झाली. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रिबेकानं हॉस्पिटलात जायच्या आधी भाजलेल्या नानकटाया होत्या. चार उरलेल्या. खाववत नव्हत्या, टाकवत नव्हत्या.

बाईंनी झाकण उघडलं. टॉर्च मारला. आता ही फेकणार म्हणून मी उठलो, भांडायलाच.

झाकण परत बसलं. डबा होता तिथंच गेला.

"हल्ली मला नीट दिसत नाही, भाऊ," त्या स्टुलावरूनच म्हणाल्या. "मोतीबिंदू असेल. तुमचं घर साफ आहे."

आणि जाता जाता जिन्याखालच्या अंधारात माझ्या बुटात पीस घालून टोस्टाचा कण बरोबर काढला.

सणाला वाडगा आला. सूपात दोन गोळे, तळाशी बसलेले. पार दगड. चमचा वाकला.

दोन्ही खाल्ले.