खोल समुद्राच्या गळाची आटगाव चाचणी

मोठा मासा धरायला समुद्र लागतो, हा जुना गैरसमज आहे. लागते ते योग्य साहित्य, आणि त्याची निःपक्षपाती निवड समुद्रापासून लांब बसूनच होऊ शकते. त्या दृष्टीने आटगावचे स्थान उत्तम.

यासाठी आमच्या ओट्यावर एक मूल्यमापन मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष माझे यजमान सुरेंद्र, सदस्य त्यांचे मित्र जगदीशभाऊ आणि शेखरभाऊ. पैकी जगदीशभाऊंना समुद्राचा प्रत्यक्ष अनुभव आहे (अलिबाग, घोट्यापर्यंत, फोटोसाठी). तालुक्यातले पाणी पहिल्याच बैठकीत बाद झाले. तानसा नदी गोड्या पाण्याची, ओढा उथळ.

माणसाएवढा घोळ मासा ओढणारा रॉड, भलेमोठे रील आणि तीनशे मीटर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, कुरिअरने आले. बादलीत दोन किलो जाडे मीठ घालून रील तीन दिवस बुडवले. पाणी समुद्राइतके खारट असल्याचे जगदीशभाऊंनी चाखून प्रमाणित केले. रील गंजले नाही, बादलीची कडी गंजली. सबब बादली नापास. मग रॉड किती वाकतो ते फणसाला बांधून पाहिले. निकाल सत्त्याऐंशी टक्के समाधानकारक (उरलेल्या तेरा टक्क्यांत शेखरभाऊंच्या पाठीत उसण भरली).

राहिला रीलचा ब्रेक. फणस पळत नाही, मासा पळतो. वाडीवरच्या बारकूकाकांकडे वासरू मागितले. ते म्हणाले, लहान आहे, लागेल त्याला. तेव्हा मंडळाची नजर आमच्या मनस्वीकडे गेली. वय साडेतीन, वजन तेरा किलो. विनाकारण पळते, पूर्वसूचनेशिवाय दिशा बदलते, बिस्किट दिसले की तोंड उघडते. मोठ्या माशाचे एकही लक्षण कमी नाही.

मी हरकत नोंदवली. ओट्यापासून रस्ता अकरा पावले आहे (मी रोज मोजते, एखादे कमी झाले तर कळावे म्हणून) आणि त्यावरून खडीचे डंपर जातात.

"अगं, म्हणून तर दोरी आहे ना," अध्यक्ष म्हणाले.

गळ काढून माझ्या जुन्या ओढणीचा पट्टा तिच्या कमरेला बांधला, त्याला तंगूस. मनस्वी सुटली ती थेट रस्त्याकडे. रील किर्रर करत राहिले. सुरेंद्रने ब्रेक आवळला आणि नवव्या पावलावर ती मटकन खाली बसली. अकराव्यावरून डंपर गेला.

मंडळाने एकमताने पाच तारे दिले. मी रॉड हातात घेतला, तो आज चार महिने झाले, परत दिलेला नाही. साहित्याअभावी मंडळाची समुद्रमोहीम बेमुदत स्थगित आहे.

साहित्य खरोखर चांगले आहे. एका हाताने भाजीला फोडणी देता येते, दुसऱ्याने मूल गुंडाळता येते. चार महिन्यांतली आकडेवारी अशी: अपघात शून्य, गुडघे फुटणे शून्य, मैत्रिणी शून्य (पूर्वी दोन होत्या, पण त्यांचे पाय तंगुसात अडकतात).

परवा बारकूकाका मोळी घेऊन जाताना थांबले.

"सूनबाय, पोरीला दावं बांदलंस का गो?"

दावं नाही, नायलॉन आहे, ऐंशी पौंडांचा ताण सोसणारे, असे मी समजावून सांगितले.

"आमी वासराला बी दिसभर नाय बांदत," ते म्हणाले आणि निघून गेले. काका मंडळाचे सदस्य नसल्याने हा शेरा अहवालात घेतलेला नाही.

हल्ली मनस्वी पळतच नाही. दोरी सैल सोडली तरी ओट्याच्या कडेला बसून असते, आणि उतरायचे झाले तर आधी माझ्याकडे बघते. त्यामुळे ब्रेकची पुढची चाचणी खोळंबली आहे.

आपण हसलात. हसावेच. फक्त एवढ्या वेळात फोनवरचा तो निळा ठिपका, म्हणजे आपले लेकरू, क्लासमधून निघाले की नाही, हे आपण किती वेळा पाहिलेत?

आमची दोरी निदान मनस्वीला दिसते.