बँडची वेबसाइट आणि विहिरीतला काका

ज्याने जन्मभर वराती चालवल्या, त्याला इंटरनेटवरची माणसं आपल्या दाराशी आणायला कितीसा वेळ लागणार, असं अल्फान्सो अख्ख्या गावठाणाला सांगत सुटला होता. "बघत राहा. या सीझनला माझ्या दाराशी लाईन लागेल."

लाईन लागली. पण ती कशासाठी लागेल, याचा त्याला अंदाज नव्हता.

मरोळच्या गावठाणात अल्फान्सोचा बँड बापाच्या वेळेपासूनचा. ट्रम्पेट तो स्वतः वाजवायचा. पण हल्ली लग्नघरं डीजे बोलवायला लागली होती आणि बँडमधली पोरं एकेक करून नोकऱ्या शोधत होती. या वर्षी हातात एकच लग्न होतं, बस्त्यावच्या पोराचं, शेर्विनचं. ते वाजलं तर बँड टिकणार, नाहीतर ट्रम्पेट कायमचा खिळ्याला टांगायचा. एवढी सरळ गोष्ट होती.

म्हणून मुलीने, विनीने, बँडची वेबसाइट बनवली. दिसायला झकास. पण तिच्यावर आजवर आले कोण? विनी, अल्फान्सो, आणि चुकून शिरलेला कोणीतरी एक, तोही लगेच निघून गेला होता.

"डॅडी, लोक असे आपोआप नाही येत," विनी म्हणाली. "लेख लिहायचे. त्यात कामाची माहिती फुकट द्यायची आणि ते दुसऱ्यांच्या साइटवर टाकायचे. खाली फक्त दोन ओळी, लेखक कोण, त्याचा बँड कुठे. लेख आवडला की माणूस तिथे क्लिक करून आपल्याकडे येतो."

"म्हणजे वर्सोव्याच्या कोळणीसारखं. आधी एक कोलंबी हातावर ठेवायची, मग पाटी दाखवायची."

"तसंच समज."

अल्फान्सोने पहिला लेख लिहिला, 'आमचाच बँड का लावावा'. तो तसाच परत आला. ही जाहिरात आहे, वाचकाला उपयोगी पडेल असं लिहा, खरे अनुभव द्या, असं साइटवाल्यांनी कळवलं.

"खरे अनुभव पाहिजेत?" अल्फान्सोने बाह्या वर केल्या. "पोत्याने आहेत."

दुसरा लेख लिहिला तो 'लग्नघराने घ्यायची काळजी'. त्यात उंबराच्या पाण्याविषयी लिहिलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळशा घेऊन विहिरीवर जातात, पुढे बँड असतो, आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला आंघोळ घालतात. इथवर ठीक होतं. मग त्याने उपयोगी सल्ला दिला: 'विहिरीच्या काठावर नाचणाऱ्या काकाला दोन माणसांनी दोन बाजूंनी धरावे. एका लग्नात एका काकाने माझ्या हातातला ट्रम्पेट हिसकावला, तो वाजवत उलटा नाचत गेला आणि ट्रम्पेटसकट विहिरीत पडला. विहीर उथळ, म्हणून निभावले. पडतानासुद्धा त्याने सूर सोडला नाही.'

नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता आपण पाळली, याचं त्याला समाधान वाटलं.

विनीने लेख पंचवीस-तीस साइटवर एकदम टाकला. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर दोनशे माणसं आली, तिसऱ्या दिवशी हजार. कोणीतरी काकाचा तुकडा तेवढा कापून गावठाणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात गावठाणातलाच इनास उभा.

"अल्फान्सो, मी पडलो नव्हतो. उतरलो होतो. चप्पल काढायला."

"कुठे उतरला होतास?"

"मला मूर्ख समजतोस? भावाच्या लग्नात. विहिरीत."

अल्फान्सोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो इनासला समजावतोय तोवर पाठीमागून पास्कू आला. त्याचं म्हणणं, तो फक्त गुडघ्यापर्यंतच भिजला होता आणि तेसुद्धा पाय घसरून, दारूमुळे नाही. त्याच्यामागे आणखी दोघं गेटपाशी ताटकळत होते. त्या विहिरीत पाण्यापेक्षा काकाच जास्त होते, असं दिसायला लागलं.

त्या सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावता आलं असतं. पण खरा पडलेला माणूस अजून आलाच नव्हता. तो होता बस्त्याव. शेर्विनचा बाप.

जॅकलिनने, अल्फान्सोच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "तुला दुसरं उदाहरण नाही मिळालं? ज्याच्या पोराचं लग्न वाजवायचं, त्यालाच विहिरीत टाकलंस?"

"मी कुठे टाकला? तोच पडला."

"मग गप्प बसायचं. सगळं गाव इतकी वर्षं उगाच गप्प बसलंय का?"

"विनी, काढ तो लेख. आत्ताच्या आत्ता."

"काढतेय, डॅडी. पण लोकांनी उचलून आपापल्या साइटवर टाकलाय. एकाने तर विहिरीचा स्विमिंग पूल केलाय."

एका जागेवरून काढला की लेख ढेकणासारखा दोन जागी निघायचा. अल्फान्सोचं जेवण सुटलं. ताटातलं बोंबलाचं कालवण तसंच गार व्हायचं. रियाजाला बसला तर ट्रम्पेटातून नुसती हवा यायची. बस्त्यावचा फोन नाही, निरोप नाही. त्यातच पास्कू सांगून गेला की बस्त्यावच्या दारात स्पीकर लादलेला टेम्पो उभा होता. अल्फान्सो भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसला.

गावठाणात मात्र वारं फिरलं होतं. बाहेरची पोरं विहीर शोधत यायला लागली, काका कोण म्हणून विचारायला लागली. एकीने इनाससोबत सेल्फी काढला. तेव्हापासून इनास 'चप्पल काढायला उतरलो' ऐवजी 'सूर मीच धरला होता' असं सांगायला लागला. पास्कूसुद्धा गुडघ्यावरून गळ्यापर्यंत आला.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर अल्फान्सो बाजूच्या दाराने सटकत होता. खांद्यावर हात पडला.

"अल्फान्सो. तुझा लेख वाचला."

तो बस्त्याव होता. अल्फान्सोने हातच जोडले. "बस्त्याव, देवाशप्पथ, मी नाव कुठेच..."

"तेच विचारतोय. नाव का नाही?"

"काय?"

"पडलो मी. पाठ सोलली माझी. सूर धरला मी. आणि फोटो इनासचे? तो पास्कू तर पोहायलाही घाबरतो रे. माझं नाव घाल. नाहीतर पोराच्या लग्नाला डीजे आणतो, सांगून ठेवतो. टेम्पोवाला भाव सांगून गेलाय."

अल्फान्सो घरी धावतच आला. विनीने नाव घातलं, वर बस्त्यावचा फोटोही लावला, आणि जिथे जिथे लेख होता तिथे तिथे कळवलं. त्या दुपारी अल्फान्सोने दोनदा भात घेतला.

संध्याकाळी बस्त्यावचा फोन आला. आवाज एवढा दबका, की तो पलंगाखालून बोलतोय की काय असं वाटावं.

"काढ."

"काय काढू?"

"नाव काढ, यार. वाट लागली. मातिल्डाने वाचलं. शेर्विनच्या वेळेला ती बाळंतपणाला वसईला होती. मी तिला शब्द दिलेला, तू येईपर्यंत दारूच्या थेंबाला शिवणार नाही. पाठीचं विचारलं तेव्हा बसमधून पडलो म्हणून सांगितलं. इतकी वर्षं बाई माझ्या त्या शब्दाचं कौतुक सांगते शेजारणींना."

"बस्त्याव, आता ते तीस ठिकाणी आहे."

पलीकडे दार ढकलल्याचं ऐकू आलं. मग एका बाईचा आवाज, मग फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातिल्डा स्वतः दारात आली. अल्फान्सो उठून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा.

"लेख तू लिहिलास?"

"हो, मातिल्डा."

"सल्ला चांगला आहे," ती म्हणाली. "बँड घेऊन ये. विहिरीपर्यंत वाजवायचं."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अख्खं गावठाण विहिरीवर लोटलं. बायका कळशा घेऊन, पुढे बँड, आणि मध्ये बस्त्याव, नव्या सुटात. त्याचा उजवा दंड इनासने पकडलेला, डावा पास्कूने. मागून मातिल्डा नजर ठेवून. लेखात लिहिलं होतं, अगदी तसं. बिचाऱ्याला टाळी वाजवायला हात मोकळा नव्हता.

ते बघून अल्फान्सोचा जीव भांड्यात पडला. लग्न वाजत होतं, बँड टिकणार होता. पोरांच्या अंगात जोर चढला. अल्फान्सोने पोरांकडे तोंड केलं, डोळे मिटले, ट्रम्पेट आभाळाकडे केला आणि सूर लांबवत एकेक पाऊल मागे घेत गेला.

ट्रम्पेटवाल्याला कोणी धरावं, हे लेखात लिहायचं राहून गेलं होतं.

विहिरीत कमरेएवढं पाणी होतं. अल्फान्सो उभा राहिला, टोपीवरचं शेवाळ काढलं आणि वर बघितलं. काठावर इनास आणि पास्कूच्या मधून बस्त्याव वाकला होता. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं.

"सूर सोडू नको रे, अल्फान्सो!"

शेजारी विनी उभी होती, मोबाईल धरून.

पुढच्या आठवड्यात बँडला तारखा मागणारे फोन सुरू झाले, पार मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे. अल्फान्सो वही घेऊन बसला. डीजेला पुरून उरला होता तो. फक्त तारीख ठरवण्याआधी प्रत्येक जण थोडा घुटमळायचा आणि एकच गोष्ट विचारायचा.

"आमच्या सोसायटीत विहीर नाही हो. पाण्याची टाकी आहे. चालेल ना तुम्हाला?"