हात धुऊन या

आमच्या नेरूळच्या सोसायटीत भांडण झालं की दोन्ही पक्ष टिपणीसवकिलांकडे धावत. दार उघडून वकीलसाहेब 'या, बसा' कधी म्हणाले नाहीत. बेसिनकडे बोट दाखवून म्हणत, "आधी हात!" साबण लावून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तक्रार ऐकणार नाहीत. त्यात पाणी यायचं सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे आम्हाला भांडणंही पाण्याच्या वेळेत उरकावी लागत.

हा सगळा प्रताप इक्विटीचा. जिथे कायद्याचं गाडं अडतं, तिथे माणुसकीने वाट काढणारी ही इंग्रजांची न्यायाची तत्त्वं. लॉ कॉलेजात साहेबांनी जन्मभर तीच शिकवली. त्यातलं लाडकं तत्त्व म्हणजे, न्याय मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. म्हणजे त्याने स्वतः लबाडी केलेली नसावी, एवढंच. पण साहेब म्हणत, "मनाचं मागाहून बघू. निदान हातापासून तरी सुरुवात करा!"

तेव्हा नव्वदीतला शेअरबाजार उधळला होता आणि इक्विटी म्हणजे शेअर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरचे सावंत एकदा टिप मागायला आले. "वकीलसाहेब, तुमी इक्विटीतले एक्स्पर्ट ना? मग काय घेऊ, सिमेंट का स्टील?"

"साबण घ्या," साहेब बेसिनकडे बोट दाखवत म्हणाले.

सावंत तसेच माघारी फिरले आणि साबणाच्या कंपनीचे शेअर घेऊन मोकळे झाले. शेअरचा भाव चढल्यावर पेढेही वाटले. साहेबांना शेवटपर्यंत पत्ता नाही की पेढे कसले.

जोशीकाकूंच्या गॅलरीत वरच्या कुंड्यांचं पाणी गळायचं. त्यांनी तक्रार आणली ती कित्येक वर्षांनी. साहेब कडाडले, "इतके दिवस झोपला होतात? इक्विटी जागणाऱ्याला मदत करते!"

"इश्श! मी दुपारचीच तेवढी पडते हो," काकू म्हणाल्या.

साहेबांना बायको नव्हती, ती केव्हाच गेली. एकुलती एक मुलगी, शुभा. तिने दिघ्याच्या एका मुलाशी जातीबाहेर लग्न केलं आणि साहेब त्या लग्नाला गेले नाहीत. ती राहायची सीवूड्सला, पुढच्याच स्टेशनावर. तिला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा मी न राहवून म्हणालो, "साहेब, नातवाला बघून तरी या."

त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "तिच्याकडे माफी मागायला जायचं, ते कुठल्या हातांनी जाऊ हो?"

मला फार वाईट वाटलं. मग मीच शुभाच्या हात धुऊन मागे लागलो.

एका रविवारी दुपारी ती आली, कडेवर पोर घेऊन. मीही तिच्यामागे साहेबांच्या दारात उभा होतो. साहेबांनी दार उघडलं आणि सवयीने तोंडातून गेलं, "आधी हात!" गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"हो ना," शुभा म्हणाली. "पण तुमचे, बाबा. तक्रार याची आहे. आजोबा भेटत नाहीत म्हणतो."

साहेब बेसिनकडे धावले. कोपरापर्यंत साबण चोळला, नळ फिरवला. नळ फुस्स करून गप्प. भरदुपारी कुठलं पाणी?

"पाणी नाही गं! शुभा, पाणी नाही!" फेसाने माखलेले हात वर धरून ते अगदी रडकुंडीला आले. "संध्याकाळपर्यंत थांबशील ना?"

मी पळत घरी गेलो, कळशी घेऊन आलो. तोवर शुभाने पोर त्यांच्या हातांपुढे धरलंही होतं.

"अगं, हात..."

"बाबा, इक्विटी हेतू बघते, वरचं रूप नाही. लहानपणी मला पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलंत ना?"

आणि तिने ते त्या फेसातच ठेवलं. मी कळशी धरून उभाच राहिलो. पोराने फेसाची मूठ भरून तोंडाकडे नेली आणि आमचे वकीलसाहेब, गालांवरून पाणी वाहत असताना, त्याला विनवू लागले, "नको रे राजा, साबण आहे तो. नको रे."