एका रेघेने खोडावे

अच्युतरावांचे श्यामसुंदर, श्यामसुंदररावांचे श्रीनिवास आणि श्रीनिवासांचा यतीन. अच्युतराव मामलेदार कचेरीत कारकून होते. चुकलेला शब्द एकाच रेघेने खोडावा, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, हा त्यांचा दंडक. तीन पिढ्यांनी तो पाळला. चौथीने तो चंदीगडच्या राहत्या घरात, रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत मोडला.

यतीन कंपनीसाठी गिटची, म्हणजे लिखाणाचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीची, माहितीपुस्तिका लिहीत होता. शाखा, म्हणजे लिखाणाचा चालू धागा, आधी कोठे कोठे होती, याची नोंद रीफ्लॉग नावाची यादी कशी ठेवते, हे त्याला समजावायचे होते. उदाहरणादाखल सरावाची शाखा वर्षभर मागे न्यावी म्हणून त्याने आज्ञा दिली. ती भलत्याच फोल्डरात गेली. तेथे आजीचा, सुलोचनाबाईंचा, कुलवृत्तान्त होता. तिने दीड वर्ष खपून, नातवाकडून वहीत उतरवून घेतलेल्या तीन आज्ञांच्या बळावर, गिटमध्येच तो लिहिला होता. बारा प्रकरणांची दोन उरली, आणि उद्या पुस्तक छापखान्यात जायचे होते.

"आजी, थोडी गडबड झालीये."

"गडबड की सत्यानाश?"

"सत्यानाश. पण मी सगळं परत टाइप करून देतो. पक्का!"

"कशावरून करणार? माझ्या चेहऱ्यावरून?" निवृत्त मुख्याध्यापिकेने चष्मा चढवला आणि टेबलावरचे त्याचेच छापील पान उचलले. "'शाखा मागे नेली, तरी तिचे पूर्वीचे ठिकाण रीफ्लॉगमध्ये सापडते.' हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मग आपलं लिहिलेलं स्वतः वाचायला कधी शिकणार?"

यतीनने रीफ्लॉगची यादी उघडली. सर्वांत वर त्याची चूक होती. खालच्या ओळीवरून शाखा पूर्वीच्या जागी आली आणि बाराही प्रकरणे परतली. तिसऱ्या ओळीपाशी मात्र तो थबकला.

"आजी, 'तेरावे प्रकरण: सुनंदावन्सं' हे काय?"

"काही नाही. बंद कर ते."

"तू हे अमेंड करून, शेवटची नोंद बदलून, काढलंस?"

"मंगळवारी. वाटलं, गेलं."

"जात नाही गं. नोंद राहते."

त्याने ते उघडून वाचले. श्रीनिवास सहा महिन्यांचा असताना नणंदेने, सुनंदाने, कॉलेज सोडून त्याला सांभाळले, म्हणून सुलोचनाबाईंचे एम.ए. झाले. सुनंदाचे शिक्षण राहिले ते राहिलेच.

"छान लिहिलंयस की! काढलंस कशाला?"

"पहिल्या पानावर लिहिलंय ना, मी स्वतःच्या हिमतीवर मुख्याध्यापिका झाले म्हणून! दोन्ही एका पुस्तकात कसं मावेल?"

 भिंतीवरच्या तसबिरीतून अच्युतराव पाहत होते. आजीने त्यांच्याकडे एकदा पाहिले.

"तेरावं परत घाल. आणि पहिलं पान उघड. 'स्वतःच्या हिमतीवर' एका रेघेने खोड. छापायलाही तसंच द्यायचं. वाचता आलं पाहिजे."

"आणि वर काय लिहू?"

"'सुनंदावन्संच्या जिवावर.'"

मग तिने पिंजौरला सुनंदावन्संना फोन लावला आणि यतीनने नुकत्याच छापून दिलेल्या प्रतीतून प्रकरण शब्दन्‌शब्द वाचून दाखवले. 

"वहिनी," पलीकडून सुनंदाबाई म्हणाल्या, "सहा नव्हे. चारच महिन्यांचा होता तो, माझ्या हाती दिलात तेव्हा."

"चार, वन्सं. बरोबर आहे तुमचं."

सुलोचनाबाईंनी पेन घेतले, 'सहा' एका रेघेने खोडले आणि वर 'चार' लिहिले. हिशेबातून सुटलेल्या त्या दोन महिन्यांसकट देणे पुरते फिटले.